शिक्षण परिषदेत वक्ता बोलवावा की मुलांच्या वह्या मागवाव्यात?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण नुकत्याच केंद्रप्रमुख, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या एका गटाच्या (केंद्राच्या) प्रमुख, झाला आहात. केंद्रात १२ शाळा आणि ४१ शिक्षक आहेत आणि त्यांतल्या ७ शाळा द्विशिक्षकी आहेत. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेला, म्हणजे केंद्रातल्या सर्व शिक्षकांच्या एकत्र बैठकीला, उपस्थिती पूर्ण असते, पण जेवणानंतर निम्मे लोक मनाने घरी पोहोचलेले असतात. शिक्षकांची उमेद हरवली आहे असे आपल्याला वाटते, आणि पुढच्या परिषदेसाठी एखादा चांगला प्रेरणादायी वक्ता सुचवावा, अशी आपली विनंती आहे. मी सुरुवातीची ९ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवले आणि पुढची १८ वर्षे तालुक्याच्या गटसाधन केंद्रात आणि नंतर जिल्हा पातळीवर शिक्षक प्रशिक्षणाचे काम केले. या अनुभवामुळेच मी आपल्याला वक्त्याचे नाव सुचवणार नाही. असे का, ते जरा विस्ताराने सांगतो.

गटसाधन केंद्रात साधनव्यक्ती (शिक्षकांना मार्गदर्शन करणारी व्यक्ती) म्हणून रुजू झाल्यावर दुसऱ्याच वर्षी मी तालुक्याच्या एका मेळाव्यात असा वक्ता बोलावला होता. ते दोन तास बोलले. काही जणांचे डोळे भरून आले, टाळ्या थांबत नव्हत्या, आणि कार्यक्रम चांगला झाला म्हणून सर्वांनी माझे कौतुक केले. पंधरा दिवसांनी शाळाभेटींना निघालो तेव्हा प्रत्येक ठिकाणी मी एकच विचारले, की त्या दिवसानंतर वर्गात काही वेगळे करून पाहिले का. भाषण सर्वांना आठवत होते, त्यातले प्रसंगही आठवत होते, पण उद्या तिसरीच्या वर्गात जाऊन काय करायचे, हे त्या भाषणात कुठेच नव्हते. एका शिक्षिकेने जे सांगितले ते मी अजून विसरलेलो नाही. त्या म्हणाल्या, "सर, मुलांसाठी काही करावेसे वाटत नाही, असे नाही हो. माझ्या वर्गातल्या अकरा मुलांना हातच्याची वजाबाकी येत नाही. तीनदा शिकवून झाली. आता चौथ्यांदा वेगळे काय करू, ते मला कुणी सांगत नाही."

आपल्या प्रश्नामागचा खरा प्रश्न मला या उत्तरात दिसतो. शिक्षक कष्ट करतो आणि त्या कष्टांचे फळ मुलाच्या पाटीवर दिसत नाही, असे वर्षानुवर्षे होत राहिले की तो हळूहळू प्रयत्न करणे सोडतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे औदासीन्य वाटते. अशा माणसाला "तुम्ही समाजाचे शिल्पकार आहात" असे सांगून उपयोग होत नाही, कारण आपल्या हातून काही घडत नाही हेच त्याचे दुःख असते. ज्या दिवशी त्या अकरांतल्या चार मुलांना वजाबाकी जमते, त्या दिवशी त्याला वेगळ्या प्रेरणेची गरज उरत नाही. म्हणून परिषदेची आखणी करताना आपण स्वतःला एवढेच विचारावे, की या चार-पाच तासांनंतर शिक्षक आपल्या वर्गात नेमके काय करून पाहणार आहेत आणि ते जमले की नाही हे त्यांना कसे कळणार आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करतो. विषयपत्रिका अनेकदा वरून ठरून येते आणि ती पूर्णपणे बाजूला ठेवणे आपल्या हातात नसते. परंतु माझ्या अनुभवात दीड ते दोन तासांची मोकळीक जवळजवळ प्रत्येक परिषदेत काढता येते, आणि सुरुवातीला तेवढी पुरते. द्विशिक्षकी शाळांचा प्रश्न वेगळा आहे. तिथले दोन्ही शिक्षक परिषदेला आले तर शाळेचे काय करायचे, याचे उत्तर आपल्या तालुक्यात त्या दिवसाची शाळा कशी भरवतात यावर ठरेल. शिवाय एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाला एका शिक्षकाकडे एकच इयत्ता असलेल्या शाळेतले नमुने दाखवले तर तो मनातून ते लगेच बाद करतो, आणि ते रास्तच आहे. आणखी एक गोष्ट आपल्या वागण्यावर अवलंबून आहे. शिक्षक आपल्याकडे तपासणी करणारी व्यक्ती म्हणून पाहतात की मदत करणारी म्हणून, हे पहिल्या तीन-चार महिन्यांत ठरते आणि नंतर बदलणे फार कठीण जाते.

आपली बहुतेक प्रशिक्षणे वर्गापर्यंत का पोहोचत नाहीत, हेही पाहायला हवे. राज्य पातळीवरचे तज्ज्ञ जिल्ह्याच्या सुलभकांना (प्रशिक्षण देणाऱ्यांना) शिकवतात, ते तालुक्याच्या सुलभकांना, आणि ते शेवटी शिक्षकांना. प्रत्येक पायरीवर उदाहरणे गळतात आणि शेवटी सादरीकरणातली वाक्ये तेवढी उरतात. अमेरिकेतील ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकात शिक्षक प्रशिक्षणाचा अभ्यास करून दाखवून दिले, की संकल्पना समजावणे आणि नमुना दाखवणे एवढ्यावर थांबले तर फार थोडे वर्गात उतरते. शिक्षकाने स्वतः सराव करणे, त्यावर कुणीतरी बोलणे आणि नंतर त्याच्या प्रत्यक्ष वर्गात सोबत मिळणे, या गोष्टी जोडल्या गेल्या की मगच फरक पडतो. आपल्या रचनेत ही शेवटची सोबत देऊ शकेल इतक्या जवळ केंद्रप्रमुख असतात, आणि म्हणून मला आपले पद फार मोलाचे वाटते. कागदपत्रांच्या ढिगाऱ्यात ते अनेकदा हरवते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता प्रत्यक्ष काय करावे ते एका सत्राच्या आधारे सांगतो. हे सत्र मी निरनिराळ्या तालुक्यांत अनेकदा घेतले आहे. परिषदेच्या आधीच्या आठवड्यात तिसरी ते पाचवीच्या शिक्षकांनी वर्गात पाच वजाबाक्या घालायच्या, सर्व शाळांत त्याच पाच. त्यांतली एक ४०३ − १२८ अशी असावी. मुलांनी सोडवलेले कागद जसेच्या तसे परिषदेला आणायचे, फक्त मुलाचे आणि शाळेचे नाव कागदावर नको. परिषदेत चार-पाच शिक्षकांचे गट करून कागद एकत्र मिसळायचे आणि प्रत्येक गटाला एकच काम द्यायचे : चुकलेल्या उत्तरांचे ढीग करा, आणि प्रत्येक ढिगातल्या मुलाने मनात काय विचार केला असेल ते लिहा.

बरोबर उत्तर २७५ आहे. कागदांत ३२५ असे उत्तर हमखास सापडते. या मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे : आठातून तीन गेले पाच, दोनातून शून्य गेले दोन, चारातून एक गेला तीन. कोणता अंक वर आणि कोणता खाली, याने त्याला फरक पडत नाही. २८५ लिहिणाऱ्या मुलाची चूक वेगळी आहे. त्याने शतकाचा एक सुटा करून दशकाच्या घरी दहा दशक आणले, पण त्यांतला एक दशक एककाच्या घरी दिला तेव्हा दहाचे नऊ करायचे राहून गेले. ३७५ लिहिणाऱ्याने शून्याचे नऊ केले, मात्र चाराचे तीन केले नाहीत, म्हणजे "शून्य आले की नऊ लिहायचे" एवढी रीत त्याच्या लक्षात राहिली आहे आणि ते नऊ कुठून आले हे त्याला ठाऊक नाही. २०५ लिहिणारा थेट शतकाच्या घरातून एककाला हातचा देतो आणि शून्यातून दोन जात नाहीत म्हणून तिथे शून्य लिहून मोकळा होतो.

हे ढीग टेबलावर मांडले गेले की खोलीतले वातावरण बदलते. जे शिक्षक एरवी मोबाईलमध्ये असतात ते कागदावर वाकून वाद घालू लागतात. "याला वजाबाकी येत नाही" या एका वाक्याच्या पोटात चार वेगवेगळ्या अडचणी होत्या आणि त्या चारही मुलांना आपण पुन्हा पुन्हा एकच रीत सांगत होतो, हे तिथे कुणीही न सांगता उमगते. यानंतर उपायांची चर्चा आपोआप नेमकी होते. ३२५ लिहिणाऱ्या मुलाला काड्यांचे गठ्ठे हातात देऊन तीन सुट्या काड्यांतून आठ काढायला सांगितले पाहिजे, म्हणजे काड्या पुरत नाहीत हे त्याच्या हाताला कळेल. ३७५ लिहिणाऱ्याला शंभराची एक खोटी नोट सुटी करायला लावली, तिच्या दहाच्या दहा नोटा घेतल्या आणि त्यांतली एक पुन्हा सुटी केली, तर नऊ कुठून आले ते दिसते आणि शंभराच्या नोटा चारच्या तीन झाल्या हेही दिसते. २८५ लिहिणाऱ्याला काड्या किंवा नोटा पुन्हा देण्याची गरज बहुधा नसते, त्याला प्रत्येक देवाणघेवाण लगेच कागदावर नोंदवण्याची सवय लावावी लागते. शिक्षकांनी गटात बसून चाळीस मिनिटांच्या एका तासाची आखणी करायची, ती पुढच्या दोन आठवड्यांत स्वतःच्या वर्गात करून पाहायची, आणि पुढच्या परिषदेला त्याच प्रकारच्या पाच वजाबाक्यांचे नवे कागद आणायचे. दुसऱ्या महिन्यात ढिगांची उंची बदललेली असते. सगळे ढीग नाहीसे होत नाहीत, पण एखादा निम्मा होतो आणि तो कसा झाला हे सांगायला शिक्षक स्वतःहून उभे राहतात.

याच पद्धतीने भाषेचेही सत्र घेता येते. मुले मोठ्याने वाचतात तेव्हा कोणत्या जोडाक्षराशी अडखळतात, किंवा उतारा घडाघडा वाचूनही "का" ने सुरू होणाऱ्या प्रश्नाला उत्तर का देत नाहीत, यावर वर्गातल्या नोंदी आणता येतात. संख्यावाचनाचा विषयही चांगला आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "त्रेसष्ट" बरोबर "साठ तीन" असे वाचन दिले गेले तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला आणि गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका मांडली. मराठीत त्रेसष्ट म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि लिहिताना सहा आधी येतात, त्यामुळे अनेक मुले ३६ लिहितात, हा त्या वादाचा गाभा होता. वाद ज्याच्या त्याच्या मतावर सोडावा, परंतु आपल्या केंद्रातल्या दुसरीच्या किती मुलांच्या बाबतीत हे घडते, हे मोजायला एक आठवडा पुरतो. स्वतः मोजलेल्या गोष्टीवर शिक्षक ज्या आस्थेने बोलतात, ती ऐकीव गोष्टीवर बोलताना दिसत नाही.

कागदांवर नाव नको असे मी वर म्हटले, त्यामागे माझी एक चूक आहे. सुरुवातीच्या काळात एका परिषदेत मी एका शाळेच्या वह्या शाळेचे नाव सांगून सर्वांसमोर उघडल्या. माझा हेतू चर्चेचा होता, पण त्या शिक्षकांचा चेहरा उतरलेला मला दिसला आणि पुढचे वर्षभर ते माझ्याशी कामापुरतेच बोलले. त्यानंतर इतर शाळाही निवडक, सुंदर अक्षरातल्या वह्याच आणू लागल्या. शिक्षकाने चुकलेला कागद न घाबरता टेबलावर ठेवला पाहिजे, ही या कामाची पहिली अट आहे, आणि ती एकदा मोडली की पुन्हा बसवायला फार वेळ लागतो. म्हणून हे कागद गुणांकनासाठी, अहवालासाठी किंवा शाळांच्या तुलनेसाठी वापरणार नाही, असे आपण पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे आणि वरून कुणी मागितले तरी त्या शब्दाला जागावे.

आदर्श पाठाविषयीही थोडे सांगायला हवे. परिषदेत एक शिक्षक बाकीच्या शिक्षकांना विद्यार्थी समजून पाठ घेतो, ही पद्धत मला कधीच पटली नाही, कारण मोठी माणसे लहान मुलांसारख्या चुका करू शकत नाहीत. परिषद ज्या शाळेत असेल तिथल्या खऱ्या वर्गावर पाठ घ्यावा आणि त्याला "आदर्श" म्हणू नये. जपानमध्ये शिक्षक एकत्र बसून एका पाठाची आखणी करतात, एक जण तो शिकवतो आणि बाकीचे बघतात. तिथे या पद्धतीला जुग्यो केंक्यू म्हणतात. त्यातली आपल्याला लगेच घेता येण्यासारखी गोष्ट म्हणजे बघणाऱ्याची नजर. प्रत्येक निरीक्षकाने दोनच मुले निवडायची आणि तासभर त्यांनी काय केले, काय विचारले, कुठे गप्प बसली, एवढेच टिपायचे. शिक्षकाच्या आवाजाविषयी, फळ्याविषयी किंवा वेशभूषेविषयी एक अक्षर लिहायचे नाही. चर्चा मुलांवर राहिली की पाठ घेणाऱ्याला बचाव करावा लागत नाही, आणि पुढच्या वेळी पाठ घ्यायला दुसरे कुणीतरी तयार होते.

दोन परिषदांच्या मधला महिना मला परिषदेइतकाच महत्त्वाचा वाटतो. ठाणे जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातल्या, बोर्डीला आणि नंतर कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम केले. पाड्यावरची मुले शाळेपर्यंत येत नाहीत हे पाहून त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली आणि त्यातून अंगणवाडीची कल्पना पुढे आली. प्रशिक्षणालाही मला तोच न्याय लावावासा वाटतो. आपण शाळेला भेट द्याल तेव्हा हजेरी, पोषण आहाराची नोंद आणि ऑनलाइन माहिती हे सर्व पाहावेच लागेल, पण त्याआधी किमान अर्धा तास वर्गात बसावे आणि परिषदेत ठरलेला तास चालू असेल तर दोन मुलांशेजारी बसून पाहावे. जमत असेल तर तो तास स्वतः घ्यावा आणि शिक्षकाला पाहायला सांगावे. केंद्रप्रमुखांचाही तास फसू शकतो हे शिक्षकांनी पाहिले की त्यांचा संकोच जातो. शेरेबुकात शेरा लिहिताना "सुधारणा आवश्यक" असे न लिहिता, कोणत्या मुलाला काय जमले हे नाव घेऊन लिहावे. अशी नोंद शिक्षक जपून ठेवतात, हे मी पाहिले आहे.

पाहुणे बोलावूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. ज्यांच्यापाशी वर्ग आहे आणि जे आपल्या मुलांचे काम सोबत आणतील, अशांना जरूर बोलवावे, आणि शक्य झाले तर आपल्याच तालुक्यातल्या, आपल्यासारख्याच इमारतीत आणि तेवढ्याच पटावर शिकवणाऱ्या शिक्षकांना बोलवावे. शाळा पाहायला जाण्याचाही उपयोग होतो, पण तिथे काय पाहायचे ते आधी ठरवावे लागते. सुमारे दहा वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातले कुमठे बीट (शाळांचा एक गट) पाहायला राज्यभरातून शिक्षक जात होते. पाहून आलेल्यांपैकी काहींनी तिथली शिकण्याची रीत समजून घेतली आणि तिच्यात स्वतःची भर घातली. अनेकांनी मात्र फरशीवर रंगवलेल्या आकृत्या तेवढ्या आपल्या शाळेत आणल्या, आणि वर्षभरात त्यांवर धूळ बसली. प्रत्येकाने जाण्यापूर्वी आपल्या वर्गातला एक प्रश्न कागदावर लिहून नेला असता, तर त्या प्रवासाचे कितीतरी अधिक चीज झाले असते.

वीस-पंचवीस वर्षे सेवा झालेल्या शिक्षकांविषयी अनेक नवे अधिकारी तक्रार करतात, म्हणून त्यांच्याविषयी थोडे. वरिष्ठ आणि निवड वेतनश्रेणीसाठी, म्हणजे १२ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतर, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. त्यामुळे प्रशिक्षण म्हणजे प्रमाणपत्र असे समीकरण त्यांच्या मनात बसले असेल, तर तो दोष त्यांचा नाही. यांच्यातल्याच कुणाला तरी पहिलीच्या मुलाला पंधरा दिवसांत शाळेत रमवण्याची हातोटी साधलेली असते, पण ती त्यांना कुणी विचारलेली नसते. नव्या शिक्षणसेवकाला त्यांच्या वर्गात दोन तास बसवावे आणि त्याने जे पाहिले ते परिषदेत त्याच्याकडूनच सांगून घ्यावे. यात दोघांचाही मान राहतो.

वेळेचा हिशेब पाहू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षित धरला आहे. वर्षात ८ परिषदा झाल्या आणि प्रत्येकीत ४ तास खरे काम झाले, तरी ३२ तास केंद्रातच भरतात. ते भरायचे असतील तर प्रशासकीय सूचना परिषदेतून बाहेर काढाव्या लागतील. त्या आदल्या दिवशी व्हॉट्सॲपच्या गटावर लिखित पाठवाव्यात आणि परिषदेत शंकांसाठी शेवटची वीस मिनिटे ठेवावीत. अशैक्षणिक कामांची तक्रार त्या वेळी निघेलच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज इतर अशैक्षणिक कामांना मनाई केली आहे, तरी शिक्षकांचा किती वेळ कशात जातो हे आपल्याला ठाऊक आहे. ती तक्रार ऐकून घ्यावी, नोंदवावी, वर कळवावी, पण तिच्यासाठी वह्यांचा वेळ देऊ नये. वह्यांचे काम सकाळी, मने ताजी असताना घ्यावे, आणि जेवणानंतर गटात तासाची आखणी करायला द्यावी, कारण हाताला काम असले की डोळ्यांवर झापड येत नाही.

पुढच्या परिषदेपुरते आपण एवढेच करावे. सर्व शाळांना आज एक संदेश पाठवावा : तिसरी ते पाचवीच्या मुलांना ४०३ − १२८ धरून पाच वजाबाक्या द्या, मुलांना मदत करू नका, कागद तपासू नका, नावे झाकून जसेच्या तसे घेऊन या. पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी त्रेसष्ट, सत्तावीस, एकोणपन्नास अशा दहा संख्या तोंडी सांगून मुलांनी लिहिलेले कागद आणावेत. सहावी-सातवीचे शिक्षक असतील तर त्यांनीही याच पाच वजाबाक्या आपल्या वर्गात घालाव्यात. तिथले कागद पाहून त्यांना स्वतःलाच पुष्कळ काही कळेल. पहिल्या वेळी काही शाळा कागद आणणार नाहीत. त्यांना काही न म्हणता दुसऱ्या गटांत बसवावे. परिषद झाल्यावर किती कागद आले आणि कोणत्या उत्तराचा ढीग सर्वांत मोठा निघाला, ते इथे कळवा, म्हणजे त्यावरून दुसऱ्या महिन्याच्या सत्राची आखणी आपण मिळून करू.